फोटोतली मोठी आई

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडची मंडळी बल्लारपूरला आमच्या घरी दुपारच्या जेवणाला आली होती. मुलाची आत्या मूल गावाहून उशिरा पोचली. ओळखीपाळखी होऊन गेल्या होत्या, त्यामुळे ती सरळ पंगतीलाच बसली. जेवणं झाल्यावर तीच म्हणाली, "सूनबाईचे लहानपणचे फोटो दाखवा ना."

मला आनंद झाला. फोटो हा माझा विषय. शाळेत मी विज्ञान शिकवते, पण गावात पोरं मला 'कॅमेऱ्यावाल्या मॅडम' म्हणतात. मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला. पाळण्यातली लेक, भिंतीला धरून उभी राहिलेली लेक, शाळेच्या पहिल्या दिवशी गेटला लटकून रडणारी लेक. आत्या प्रत्येक फोटोला कौतुकानं मान हलवत होती. मग तिनं फोटोतल्या एका बाईवर बोट ठेवलं.

"पोरीची आई मोठी हसतमुख दिसते हो. कुठी आहे ते? जेवतानी दिसली नाई मले."

बोट माझ्या जावेवर होतं.

मी म्हटलं, "आई मी आहे. ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई."

आत्या खजील झाली, हसली, "फोटोत तुमी दिसल्याच नाई ना," म्हणाली. सगळे हसले. माझे यजमान जरा जास्तच हसले. जाऊबाई तेव्हा सुपारीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही ते मला कळलं नाही. त्या ताट ठेवून आत गेल्या.

पाहुणे गेल्यावर मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. आत्याचं काही चुकलं नव्हतं. हजारो फोटोंमध्ये माझी लेक मोठी होत गेली होती, आणि तिच्या बाजूला, मागे, तिचा हात धरून, तिच्या तोंडात घास घालत एकच बाई होती. मी कुठेच नव्हते. एका फोटोत माझी सावली होती, अंगणात लांब पडलेली, कॅमेरा धरलेल्या कोपरांसकट.

आमचं घर दोन भावांचं. खाली आम्ही, वर मोठे दीर आणि जाऊबाई. माझी शाळा बाहेरगावी, सकाळी निघायचं ते संध्याकाळीच परत. बाळंतपणाची रजा संपली आणि लेक वर जायला लागली. जाऊबाईंची दोन मुलं तेव्हा हायस्कुलात होती, त्यांना आईची गरज जेवणापुरतीच उरली होती. जाऊबाई सिंदेवाहीकडच्या, धानाच्या गावातल्या. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. लेक त्यांच्याकडे रमली. आमच्याकडे बापाच्या मोठ्या भावाच्या बायकोला मोठी आईच म्हणतात, सगळीच मुलं म्हणतात. तरी माझ्या लेकीच्या तोंडून तो शब्द आला की मला खटकायचा. त्या जर मोठी आई, तर मी कोण? लहान? धाकटी? उरलेली?

कॅमेरा आला तो लेक अजून पाळण्यात होती तेव्हा, शाळेच्या स्नेहसंमेलनामुळे. मुख्याध्यापकांनी नवा आणला होता, त्यांना जमेना, माझ्या हातात दिला. त्या दिवशी स्टेजवर नाचणाऱ्या पोरींपैकी एकीची वेणी सुटली आणि ती नाचता नाचताच दातात रिबिन धरून वेणी घालायला लागली. तो क्षण मला मिळाला. फोटो पाहून मी स्वतःच थक्क झाले. आपल्या हातून असं काही होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. मी स्वतःचा कॅमेरा घेतला आणि मग थांबलेच नाही. रविवारी पहाटे जुनोन्याच्या तलावावर जायचं, पळस फुलले की रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून उभं राहायचं, खाणीवरून परतणाऱ्या माणसांचे कोळशाने माखलेले चेहरे टिपायचे. आणि घरी असले की लेक.

माझा एक नियम होता. तिनं कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. कॅमेऱ्याकडे बघून हसणारी मुलं मला खोटी वाटायची. "इकडं पाहू नको, तुझं तू खेळ," हे मी तिला इतक्यांदा सांगितलं की ती मला पाहिलं की आपोआप मान वळवायची. वळवून ज्या माणसाकडे बघायची ते माणूस म्हणजे जाऊबाई.

मला पहिल्यांदा झोंबलं ते सायकलच्या फोटोवरून. लेक सायकल शिकत होती आणि जाऊबाई साडीचा ओचा खोचून तिच्या मागे कॅरियर धरून धावत होत्या. संध्याकाळचं ऊन तिरपं होतं, रस्त्यावर धूळ उडाली होती, आणि नेमक्या त्या क्षणी जाऊबाईंनी कॅरियर सोडलं होतं. हात अजून पुढे, बोटं उघडी, आणि लेकीला कळलेलंच नाही की तिला कोणी धरलेलं नाही. आजवर काढलेल्या फोटोंत तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे. चंद्रपूरच्या एका प्रदर्शनात मी तो पाठवला. खाली नाव लिहिलं होतं 'सायकल'. त्याला बक्षीस मिळालं. आम्ही सगळे नटूनथटून बघायला गेलो, जाऊबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. हॉलमध्ये शिरलो तर फोटोखाली नवी पाटी लागलेली. आयोजकांना मी दिलेलं नाव साधं वाटलं असावं. त्यांनी लिहिलं होतं, 'माय-लेक'.

जाऊबाईंनी पाटी वाचली आणि मोकळ्या आवाजात हसल्या. "पाय वो, मले माय करून टाकलं!" लेक टाळ्या पिटत त्यांना बिलगली. लोक येऊन जाऊबाईंबरोबर फोटो काढून घ्यायला लागले. आणि ते फोटो काढायचे कोणी? मीच. कॅमेरा माझ्याच गळ्यात होता. एक बाई लेन्ससमोरून मला म्हणाली, "ताई, जरा मागं सरका ना, पूर्ण फ्रेम येऊ द्या." मी सरकले.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बक्षीस मिळालं होतं आणि मी रडत होते, यजमानांना काही समजेना. "तुझाच तर फोटो आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "तेच तर."

मग मी कॅमेरा कपाटात ठेवला. मनाशी ठरवलं, आता लेन्समधून नाही, लेकीला नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. तिच्याजवळ बसायचं. अभ्यास घ्यायचा, केस विंचरायचे, गॅदरिंगला पहिल्या रांगेत हात मोकळे ठेवून बसायचं. वर्षभर मी हे सगळं मनापासून केलं. तिला बरं वाटायचं, नाही असं नाही. पण शाळेत कोणी चिडवलं की ती जिना चढून वर जायची. पाळी पहिल्यांदा आली तेव्हा शनिवार होता, मी घरात होते, स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. ती माझ्यासमोरून वर गेली. थोड्या वेळानं जाऊबाई खाली आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोट्टी मोठी झाली आपली. घाबरून नोको बोलू तिच्याशी." मला काय करायचं, कसं बोलायचं, हे त्यांनी मला शिकवलं. मी कणकेचे हात घेऊन तशीच उभी राहिले. त्यांचा राग आला असं म्हणणं फार सौम्य होईल. त्यांनी मरावं असं वाटलं नाही, पण त्यांनी माहेरी जावं आणि निदान एक पावसाळा तिकडेच राहावं असं वाटलं.

वर्ष संपता संपता एकदा त्याच मला म्हणाल्या, "काय वो, फोटो काऊन नाई काढून राह्यली तू? या वर्षाचा एकबी फोटो नाई माया पोट्टीचा."

माया पोट्टीचा. माझ्या पोरीचा. त्यांच्या बोलीत ते सहज येतं, शेजारच्या पोरालाही त्या मायं लेकरू म्हणतात. पण मला तो शब्द आरपार गेला. मी रागानंच कपाट उघडलं आणि कॅमेरा बाहेर काढला. ठेवून काय मिळालं होतं? लेक काही माझ्याकडे आली नव्हती आणि फोटोही गेले होते. खरं तर लेक त्यांची झाली ती कॅमेऱ्यामुळे, की नोकरीमुळे, की त्यांच्या त्या मोठ्या हसण्यामुळे, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कॅमेऱ्याला दोष देणं सोपं होतं, कारण तो मला बाजूला ठेवता येत होता.

तर लग्न ठरलं आणि आत्याचं ते बोट फोटोवर पडलं. त्यानंतर आठवड्याभरात जाऊबाई गच्चीवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी लेन्स पुसत होते.

"मले शिकव हे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कॅमेरा. मले शिकव."

लेक घेतलीत, माझं बक्षीस घेतलंत, आता हेही? माझ्या आयुष्यात ही एकच जागा होती जिथे त्यांचं काही चालत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, जड असतो. हात दुखतील."

"धानाचे भारे वाह्यले मी. कॅमेऱ्यानं कायचे दुखतीन?"

मग त्या म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी तू पोट्टीजवळ राह्य. फोटो मी काढतो."

म्हणजे त्यांनी त्या दिवशी दारातून सगळं ऐकलं होतं. माझ्या लक्षात आलं की त्या बाजूला होत आहेत, माझ्यासाठी जागा करत आहेत. दुसऱ्या कोणाचं मन भरून आलं असतं. मला राग आला. माझ्या लेकीशेजारची माझी जागा मला देणारी ही कोण? ती देता येते म्हणजे आधी तुमची होती का? पण हे बोलता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "चंद्रपूरचा फोटोग्राफर सांगितला आहे आपण."

"तो काढीन त्याचे. मी माये काढीन."

मी शिकवलं. मन लावून नाही शिकवलं, पण शिकवलं. लेकीला समोर उभं करून सराव चालायचा. जाऊबाई डोळा मिटायच्या तो चुकीचा, श्वास रोखून धरायच्या आणि बटण दाबून झाल्यावर पोहून आल्यासारखा सोडायच्या. लेक हसून हसून गच्चीच्या कठड्यावर रेलायची. त्यांच्या फोटोंत कधी तिचं डोकं नसायचं, कधी पाण्याच्या टाकीलाच फोकस असायचा. मला मनातून बरं वाटायचं. चला, हे तरी माझं माझ्याकडे राहिलं.

लग्न आमच्या पद्धतीनं, पांढऱ्या कपड्यांत, दुपारी. बुद्धवंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, नवरानवरीनं एकमेकांना वचनं दिली. मी काठाची पांढरी साडी नेसून लेकीच्या उजव्या हाताला उभी होते. मोकळ्या हातांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. मी तिचा पदर नीट केला, तिच्या कपाळावरचा घाम टिपला, हार तिच्या हातात दिला. तिच्या कानामागे लहानपणी पडल्याची एक खूण आहे, ती मी कितीतरी वर्षांनी इतक्या जवळून पाहिली. एवढ्या वर्षांत असा दिवस मला मिळाला नव्हता, आणि तो पूर्ण माझा असायला हवा होता.

हार घालून झाल्यावर लेक वाकून माझ्या कानाशी आली. मला वाटलं, काहीतरी माझ्यासाठी असेल.

"मोठी आई कुठी आहे?"

मी म्हटलं, "फोटो काढून राहिली. इथेच कुठेतरी असेल."

जेवताना तिनं पुन्हा विचारलं. पाहुण्यांच्या पाया पडताना पुन्हा. जाऊबाई खरोखरच कुठे दिसत नव्हत्या. त्या कधी खांबामागे असायच्या, कधी खुर्चीवर चढून. एरवी मला जे दिसायचं ते आता मला उलट बाजूनं दिसत होतं. त्या नव्हत्या आणि सगळा मांडव त्यांनाच शोधत होता. मी समोर उभी होते आणि मला कोणी शोधत नव्हतं, कारण मी सापडलेलीच होते.

निरोपाच्या वेळी गाडीचं दार उघडलं. लेक माझ्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडता तिचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे फिरत होते. ते मला मानेला जाणवलं. मी तिला सोडलं आणि गर्दीतून मागे गेले. जाऊबाई मांडवाच्या दोरीला टेकून उभ्या होत्या. कॅमेरा डोळ्याला लावलेला होता, पण बोट बटणावर नव्हतं. गाल ओले होते आणि कॅमेराही ओला झाला होता. मी त्यांच्या गळ्यातून पट्टा काढला.

"जा, बाई."

"तू राह्य ना तिच्याजवळ. आज तुया दिवस आहे."

"ती तुम्हाला विचारून राहिली दुपारपासून. जा म्हणते ना मी."

माझा आवाज चढला होता. आजूबाजूच्या बायकांनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं असेल जावाजावांचं भांडण लागलं. एका अर्थी तसंच होतं ते. जाऊबाई गेल्या. लेकीनं त्यांना जशी मिठी मारली ती मी पाहिली. कॅमेरा माझ्या हातात होता, उजेड उत्तम होता, आणि मी फोटो काढला नाही. त्यात काही मोठेपणा नव्हता. मला तो फोटो नको होता, इतकंच.

पाहुणे पांगल्यावर दुसऱ्या दिवशी मी जाऊबाईंचे फोटो लॅपटॉपवर घेतले. निम्मे हललेले, बरेच अंधारलेले. आणि बहुतेक सगळे माझे होते. मी पदर नीट करताना, मी घाम टिपताना, मी एकटीच खुर्चीवर बसून पाणी पिताना, मी तोंड वेडंवाकडं करून रडताना. शेजारी बसलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "घरात तुया एकबी फोटो नोता ना. आता जमले." मी पुढचा फोटो लावला.

तो लेकीचा होता. मांडवाच्या पांढऱ्या कापडातून गाळून आलेला उजेड, हार जरा तिरका, आणि ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती. जाऊबाईंनी तिला "इकडं पाय वो" असं म्हटलं असणार. त्यांना माझा नियम कुठे पाळायचा होता. लेकीच्या त्या बघण्यात भीती होती, लाज होती, आणि आता हसू की रडू असं विचारणं होतं. फोकस नाकाच्या शेंड्यावर बसला होता, वरून आत्याचा हात मध्ये आला होता. तरी इतक्या वर्षांत मला असा एकही फोटो मिळाला नव्हता. त्यातल्या चुका मी मोजून दाखवल्या नाहीत.

जावई आलापल्लीला वनखात्यात आहेत. लेक आता तिथेच असते. मागच्या हिवाळ्यात मी आणि जाऊबाई दोघीच तिच्याकडे निघालो. सकाळची बस. मी खिडकीची जागा घेतली, आष्टीच्या पुढे सागवानाचं जंगल लागतं, त्याचे फोटो काढायचे होते. गोंडपिपरी मागे पडल्यावर मी अचानक बोलून गेले. कसं निघालं तोंडून, माहीत नाही. समोर रस्ता होता, एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं, म्हणूनही असेल.

"बाई, मला तुमचा फार हेवा वाटत आला. लेकीवरून."

जाऊबाई शेंगा सोलत होत्या. थांबल्या नाहीत.

"मले का तुया नाई वाटला?"

"माझा? कशाचा?"

"तू शाळेतून ये ना, तवा पाच-साडेपाचले तुया स्कूटीचा आवाज ये. पोट्टी मांडीवर बसून राहे माया, दिवसभर मीच न्हाऊ-खाऊ घातलेली. आवाज आला का पायपोस न घालता धावे खाली. पायऱ्यावरून पडे, पुन्हा उठून धावे. मागं वळून नाई पाहे. रोज." त्यांनी टरफलं पदरात गोळा केली. "तवा मले तुया स्कूटीचा असा राग ये, का वाटे रस्त्यातच पंक्चर होऊन जावो हे."

मी आठवायला लागले. खरंच, ती यायची. डबा, वह्यांची पिशवी, हेल्मेट असं सगळं हातात घेऊन मी उभी असायची आणि ती येऊन गुडघ्यांवर आदळायची. मी म्हणायची, थांब, आधी हात-पाय धुऊ दे. त्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही, त्या वेळी कॅमेरा कधी हातात नसायचाच. त्यामुळे मी ते जवळजवळ विसरूनच गेले होते. आणि ही बाई ते रोज वरून जिन्यातून बघत होती.

मला त्यांच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. पण मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. त्यांनी पुढे केलेल्या शेंगा मी खाल्ल्या आणि परत विचारलं, "रोज धावायची?"

"सांगून तर राह्यली. रोज."

वैनगंगेचा पूल गेला, जंगल सुरू झालं. मी फोटो काढले, बरे आले. आलापल्लीच्या स्टँडवर बस शिरली तेव्हा लेक पिंपळाखाली उभी दिसली. मी कॅमेरा पिशवीत कोंबला, लेन्सचं झाकण सापडेना, सीटखाली वाकले. जाऊबाई कडेच्या सीटवर होत्या, त्या उठल्या आणि उतरल्यासुद्धा. मी दारात पोचले तोवर लेक त्यांच्या गळ्यात होती आणि दोघी एकदमच बोलत होत्या. मग तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला जवळ ओढलं.

त्यानंतर दर वेळी लेकीकडे जाताना कडेची सीट मी घेते. जाऊबाई खिडकीशी बसतात. जंगलाचे फोटो आता त्याच काढतात, सगळे हललेले.